बारडोलीच्या उसातला बिबट्या

सुरतेत वाढलेल्या आपल्या मराठी पोरांना शहर तोंडपाठ असतं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. सकाळी गरम लोचो, शरद पौर्णिमेनंतर चंदी पडव्याची घारी, थंडीत पोंक. पण शहराबाहेर पूर्वेला काय आहे असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: आमचं गाव. म्हणजे उधन्याला ताप्ती लाइनच्या गाडीत बसायचं, डोळा लागायचा आणि नंदुरबार, दोंडाईचा नाहीतर अमळनेरला जाग यायची. मधलं चलथान, बारडोली, मढी, व्यारा, सोनगढ खिडकीबाहेर हिरवं हिरवं निघून जातं. फार तर नवापूरला कुणीतरी उठवून सांगतं, बघ, हे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात.

ते जे हिरवं निघून जातं ना, तो ऊस. गेली दोन वर्षं मी त्या उसात फिरते आहे. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि माझा विषय आहे, पेरणी-तोडणी चालू असलेल्या शेतजमिनीत वन्यप्राणी कसे टिकतात. घरी सांगायला सोपं पडावं म्हणून मी म्हणते, "उसातला बिबट्या." त्यावर आईचा प्रश्न ठरलेला: "वन्यप्राणी आहे ना तो? मग जंगलात का नाही जात शोधायला?"

याचं उत्तर ताप्ती नदीपासून सुरू होतं. पन्नाशीच्या दशकात मांडवीजवळ काकरापारचा बंधारा झाला आणि १९७२ साली उकाईचं धरण पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी बारमाही मिळू लागल्यावर ज्वारी, कापूस आणि भाताच्या या मुलखात ऊस पसरला. बारडोली, मढी, चलथान, सायण, महुवा अशी सहकारी साखर कारखान्यांची रांगच लागली. बारडोलीच्या उसात आत शिरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. वरून पात्यांचं छप्पर, खाली पाचटाची गादी, शेजारी पाटाचं पाणी. लागवडीपासून तोडणीपर्यंत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, तिथे फारसं कुणी येत नाही. रानडुक्कर, कोल्हा, रानमांजर, मुंगूस, मोर, उंदीर सगळे या आडोशाला राहतात. पूर्वेच्या डांग, वांसदा, मांडवी, उमरपाड्याच्या डोंगरांतून पूर्णा, अंबिका, मिंढोळा या नद्या खाली येतात, आणि त्यांच्या काठाकाठाने बिबट्याही खाली येतो. त्याला सपाटीवर झाडं मिळाली नाहीत, ऊस मिळाला. त्याला तो पुरला.

डांग-वांसद्यातला पट्टेदार वाघ विसाव्या शतकाच्या अखेरीला संपला. बिबट्या मात्र टिकला, वाढलासुद्धा. गुजरात वनविभागाच्या मोजणीत २०१६ साली राज्यात १,३९५ बिबटे होते, २०२३ साली २,२७४. हे सगळे काही जंगलात राहत नाहीत. आपण "बिबट्या गावात शिरला" अशी बातमी वाचतो, तेव्हा वाटतं की तो कुठून तरी बाहेरून आला. पुष्कळदा तो तिथेच जन्मलेला असतो.

ही गोष्ट नीट मोजून दाखवली ती आपल्या महाराष्ट्रात. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांमध्ये कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात असा तो भाग, जंगल म्हणावं असं काही नाही. तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे निघाले. जवळपास तेवढीच तरसंही निघाली. २०१३ साली हे छापून आलं. पुढे २०१६ साली त्याच भागातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के. म्हणजे आपण ज्याला जंगलाचा राजबिंडा समजतो, तो गावातल्या मोकाट कुत्र्यांवर जगतोय.

मग पकडून जंगलात का सोडत नाहीत? तेही करून झालं आहे. जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ बिबटे पिंजरे लावून पकडले आणि दूरच्या जंगलांत सोडले. अत्रेय यांच्याच गटाने नंतर हिशेब मांडला. ही मोहीम सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, नंतर ते १७ वर गेले. ओळखीचा मुलूख सुटलेला बिबट्या बिथरतो, परत फिरतो, नव्या जागी माणसांत सापडतो. "आजोबा" हा मराठी सिनेमा आठवतो का? माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत मुंबईला पोचला, त्याची ती खरी हकिगत. त्याच्या गळ्यात कॉलर होता म्हणून कळलं. इतरांचं कळतही नाही.

इथपर्यंतचं सगळं मी विद्यापीठात शिकले होते. पुढचं उसात शिकले.

बारडोलीजवळचे एक शेतकरी, मी त्यांना काकाच म्हणते, पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "बेन, दीपडो सारो छे." बिबट्या चांगला आहे. का? तर तो असला की रानडुकरं वचकून राहतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जो ऊस लोळवतो, त्याचे पैसे काकांनी मला बोटांवर मोजून दाखवले. त्यांची गाय पक्क्या गोठ्यात, घराला कुंपण, अंगणात दिवा. बिबट्या त्यांच्या बांधावरून महिन्यातून चार वेळा गेला तरी त्यांचं काही जात नाही. अशी माणसं भेटली की आम्हा संशोधकांना आनंद होतो. आमच्या भाषेत याला सहिष्णुता म्हणतात, आणि त्याच जोरावर आम्ही म्हणतो की शेतजमिनीतही वन्यजीव वाचू शकतात.

पण ऊस कापतं कोण?

दिवाळी झाली की ट्रकच्या ट्रक भरून माणसं येतात. डांगमधून, तापी जिल्ह्यातून, आणि आपल्या नंदुरबार, धुळे, साक्री, नवापूर, सुरगाण्याकडून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती मार्च-एप्रिलपर्यंत कापून फेडायची. शेताच्या कडेला नाहीतर रस्त्यालगत प्लास्टिकचा कागद टाकून राहायचं. इकडे त्या वस्तीला पडाव म्हणतात. दार नाही, संडास नाही, दिवा असलाच तर मोबाइलचा. पहाटे अंधारात तोड सुरू होते. लहान पोरं बांधावर, त्यांच्याहून जरा मोठ्या पोरांच्या ताब्यात.

शेतीतल्या वन्यप्राण्यांवर प्रश्नावली करायची तर प्रश्न साधारण ठरलेले असतात. जमीन किती एकर? जनावरं किती? गेल्या वर्षी किती मारली गेली? भरपाई मिळाली का? बिबट्या या भागात असावा असं वाटतं का? पडावातल्या एका मावशींना मी हे विचारत होते. साक्रीकडच्या. जमीन नाही. जनावरं नाहीत, चार कोंबड्या आहेत. भरपाई म्हणजे काय? सगळ्या रकान्यांत शून्य. मग मी वही मिटली आणि आजीकडून शिकलेल्या अहिराणीत नुसतं विचारलं, "तुमनं गाव कोणतं शे?" त्यानंतर त्या तासभर बोलल्या. रात्री पोरं मध्ये झोपवतात आणि मोठी माणसं कडेला. पहाटे बाया आडोशाला एकट्या जात नाहीत, चौघी मिळून जातात, एकजण उभी राहते. तोडताना कुणीतरी मोठ्याने बोलत राहतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि वनविभाग सांगतो तेही जवळपास हेच: वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून एकटं बसू नका, आवाज करत राहा, अंधार पडल्यावर पोरांना मोकळं सोडू नका. फरक एवढाच की ती सूचना ज्या फलकावर होती तो पडावापासून दूर, गावच्या चौकात होता, आणि गुजरातीत होता.

मागच्या थंडीतली एक रात्र सांगते. फड तुटत तुटत आला की शेवटी एक तुकडा उरतो आणि आत जे काही असेल ते तिथे दाटतं. त्या दिवशी दुपारी शेवटच्या पट्ट्यात बिबट्याची दोन पिल्लं निघाली. मांजराएवढी, नुकती डोळे उघडलेली. तोड थांबली. कुणी त्यांना हात लावला नाही, कुणीतरी वर ओल्या वाढ्याची सावली केली. वनविभागाची माणसं आली.

अशा वेळी काय करायचं हे आता पक्कं ठरलेलं आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरांनी आणि महाराष्ट्राच्या वनविभागाने हे कितीतरी वेळा केलं आहे. पिल्लं तपासायची, अंधार पडायच्या आत जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये नाहीतर टोपलीत ठेवायची, माणसांनी लांब व्हायचं. रात्री आई येते आणि घेऊन जाते. पिल्लं उचलून नेली तर आई दिवसेंदिवस तिथेच घिरट्या घालते, चिडते, आणि पिल्लांचा जन्म पिंजऱ्यात जातो. तेव्हा परत ठेवणं हेच बरोबर, यात शंका नाही.

बांधावर काका, मुकादम आणि वनरक्षक यांचं गुजरातीत बोलणं झालं. निर्णय झाला. क्रेट ठेवायची जागा पडावापासून दोनशे पावलांवर होती. पडावात लहानमोठी मिळून पन्नासेक माणसं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असंही नव्हतं, विचारायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही. मी जाऊन मावशींना काय ठरलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अहिराणीत जे म्हणाल्या ते मराठीत असं: "तिची पोरं आहेत, ती न्यायला येणार. येऊ दे, आईच ती. पण ती येईपर्यंत आम्ही आमची पोरं कुठे ठेवायची?"

हे मी वनरक्षकांना गुजरातीत सांगितलं. ते काकांकडे बघायला लागले. मुकादम म्हणाला, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, शेकोटी करतील. काका जरा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला ट्रॅक्टर आणायला सांगितलं. संध्याकाळी ट्रॉलीत बसून सगळी पोरं, त्यांच्या आया आणि दोन म्हाताऱ्या काकांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. काकींनी खिचडी-कढी केली. पुरुष पडाव राखायला मागे थांबले, दोन मोठ्या टॉर्च घेऊन.

क्रेटसमोर लावलेल्या कॅमेऱ्यात पहाटेपर्यंतचं सगळं आलं. आई नऊच्या सुमाराला पहिल्यांदा आली, लांबूनच वास घेऊन गेली. साडेअकराला परत आली. एक पिल्लू मानेला धरून नेलं. पाऊण तासाने दुसरं. सकाळी तो व्हिडिओ मी मोबाइलवर पोरांना दाखवला, तेव्हा एक चिमुरडी म्हणाली, परत दाखव. सात-आठ वेळा दाखवला.

हा व्हिडिओ मी पुढे कुठेही दाखवला की लोक टाळ्या वाजवतात. त्यात काकांचं शेड दिसत नाही. पण ते शेड नसतं आणि त्या रात्री काही विपरीत घडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पिंजरे लागले असते, आठवड्याभरात तालुक्यात कुणी "दीपडो सारो छे" म्हटलं नसतं. एका मुलाच्या मृत्यूनंतर गावाचा धीर सुटतो, आणि ते चूक आहे असं म्हणायचा अधिकार मला नाही. म्हणूनच मला आता वाटतं की उसातल्या बिबट्याचं भवितव्य जमीन कुणाच्या नावावर आहे यावर जेवढं अवलंबून आहे, तेवढंच त्या जमिनीच्या कडेला कोण उघड्यावर झोपतं यावर आहे. डुकरं कमी झाली तर फायदा मालकाचा. धोका मात्र कोयत्याचा. दोघांना "स्थानिक लोक" या एकाच नावाखाली धरलं की हिशेब चुकतो.

बारडोलीला हे नवं नाही. १९२८ चा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, स्वराज आश्रमात सहलीला जाऊन येतो. सारावाढीविरुद्ध सरदार पटेलांच्या मागे उभे राहिलेले जमीनधारक शेतकरी आपल्याला माहीत असतात. त्यांच्या शेतांवर पिढ्यान् पिढ्या बांधून राबणारे हाळी मजूर फारसे माहीत नसतात. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या मजुरांवर लिहीत आले. ऊसतोडीला येणाऱ्या खानदेशी टोळ्यांबद्दलही त्यांनी लिहिलं. मी त्यांची पुस्तकं वन्यजीवांच्या पुस्तकांशेजारीच ठेवते.

बिबट्याशी जुळवून घेणं या माणसांना आपल्यापेक्षा जुनं आहे. डांग, सुरगाणा, नवापूरच्या डोंगरपट्ट्यात कितीतरी आदिवासी समाज वाघदेवाला मानतात. लाकडाच्या नाहीतर दगडाच्या पाटीवर वाघ, चंद्र, सूर्य, नाग कोरलेले असतात. आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, तोच दिवस गुजरातेत आणि डोंगरातल्या अनेक वस्त्यांत वाघबारस असतो. एकाच तिथीला कुठे गाईची पूजा, कुठे वाघाची! पालघर-ठाण्याकडच्या वारली लोकांच्या वाघोबावर २०२१ साली एक अभ्यास आला. वाघोबा म्हणजे नुसतं प्रेम नव्हे, तो देणंघेणं ठेवणारा देव आहे, मान राखला तर राखतो आणि विसरलात तर कोपतो, असं त्यात दिसतं. मावशींनाही मी विचारलं. गावी वाघदेवाला नारळ देऊन निघतो, म्हणाल्या. आणि इकडे? इकडे त्याचं ठाणं नाही. देव गावी आणि वाघ इथे.

यंदाच्या हंगामासाठी आम्ही दोन छोट्या गोष्टी केल्या. काकांनी पडावाची जागा उसाच्या कडेवरून हलवून मोकळ्या खळ्यावर दिली आणि गोठ्यातून वायर ओढून दोन दिवे लावले. त्यांचं बघून शेजारच्या दोघांनी. दुसरं म्हणजे, काय करावं आणि पिल्लं दिसली तर काय करू नये, हे आम्ही तीन-तीन मिनिटांच्या आवाजात रेकॉर्ड केलं. अहिराणी मी बोलले, कोकणा बोली आहव्याकडच्या एका मैत्रिणीने. ट्रकमधून उतरतानाच ते मोबाइलवर पोचलं. मुकादमाच्या फोनवरूनच, त्यामुळे भाव खाल्ला त्याने.

मावची बोलीतलं अजून व्हायचं आहे. आपल्या मंडळात नवापूरकडची घरं आहेत. घरात आजी-आजोबा मावची बोलत असतील तर त्यांच्याशेजारी बसा, तीन मिनिटांचा मजकूर मी पाठवते, त्यांच्याकडून नीट म्हणवून घ्या. आणि उसातल्या बिबट्याचा एखादा व्हिडिओ ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी तो कुठला आणि कधीचा ते विचारा. जुना, दुसऱ्याच राज्यातला व्हिडिओ फिरला की माणसं लाठ्या घेऊन बाहेर पडतात, आणि गर्दीत सापडलेला बिबट्या सगळ्यात धोक्याचा.

ज्यांना यायचं आहे त्यांनी जानेवारीतल्या एखाद्या रविवारी या. उधन्याहून सकाळची गाडी, बारडोलीला उतरायचं, तिथून मी घेऊन जाईन. बिबट्या दिसणार नाही हे आधीच सांगते. मलाही दोन वर्षांत दोनदाच दिसला आहे. बांधावरच्या ओल्या मातीत पंजे दिसतील, आणि मावशी चहा देतील. साखर तिथलीच.